गरिबांचें इस्पितळ कोणाच्या मालकीचें?

गेल्या महिन्यांत एक सुतार गृहस्थ आमच्या कचेरींत आले. मुलाच्या मांडीचें हाड मोडलें म्हणून त्यांनीं त्याला शहरांतल्या एका मोठ्या इस्पितळांत नेलें होतें. इस्पितळाच्या पाटीवर 'धर्मादाय' हा शब्द ठळक अक्षरांत आहे. परंतु आंत पाऊल टाकतांच प्रथम अनामत रक्कम मागण्यांत आली. गृहस्थांनीं पुढच्या कामासाठीं जमवून ठेवलेलें सागवान पडत्या भावानें विकलें, भावकींतून उसनवारी केली आणि मुलाचा पाय नीट करून घरीं आणला. पाय नीट झाला याबद्दल त्यांची तक्रार नव्हती; डॉक्टरांबद्दल तर ते चांगलेंच बोलत होते. त्यांनीं आम्हांस एवढेंच विचारलें, "पाटीवर धर्म लिवलाय, त्यो कुणाचा हो?"

त्या दिवशीं आम्ही त्यांना नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. आज देण्याचा प्रयत्न करतों. त्यासाठीं वाचकांस थोडें लांब, सातासमुद्रांपलीकडे न्यावें लागणार आहे. अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी ही महानदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाजवळ लुइझियाना संस्थानांत न्यू ऑर्लिन्स हें शहर आहे. तेथें 'चॅरिटी' नांवाचें एक इस्पितळ १७३६ पासून २००५ पर्यंत, म्हणजे २६९ वर्षें, गोरगरिबांसाठीं चाललें. चॅरिटी म्हणजेच दानधर्म. आज तें इस्पितळ नाहीं. तें कोणी काढलें, कोणाच्या श्रमावर वाढलें आणि कोणत्या कारणानें बंद पडलें, हें समजून घेतलें म्हणजे आमच्या सुतारबोवांच्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें हातीं येतें.

परमुलखाची गोष्ट आम्हां शेतकऱ्यांस कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही सांगतों कीं हा मुलूख आपल्याला वाटतो तेवढा परका नाहीं. न्यू ऑर्लिन्स हें कापसाचें बंदर. काळ्या गुलामांनीं पिकविलेला कापूस तेथूनच विलायतेच्या गिरण्यांस जाई. १८६१ सालीं अमेरिकेंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं आणि तो कापूस थांबला. त्याबरोबर आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधीं नव्हे असा भाव आला. सावकारानें मोकळ्या हातानें कर्ज दिलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळला, कर्ज मात्र जागच्या जागीं राहिलें. पुढें दहा वर्षांनीं, १८७५ च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांतल्या सुपें येथें शेतकरी सावकारांचीं खतें जाळण्यास उठले, त्यामागें जीं अनेक कारणें होतीं त्यांत हा चढउतारही एक होता. शिवाय जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें तें अमेरिकेंतल्या, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या लोकांस. जोतीरावांस त्या मुलखाची खबर घ्यावीशी वाटली, तर आम्ही घेण्यांत वावगें तें काय?

असो. मूळ गोष्टीकडे वळूं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यू ऑर्लिन्स ही फ्रेंचांची लहानशी वसाहत होती. दलदल, डांस, ताप आणि पूर हें तिचें ऐश्वर्य. राजाच्या शिपायांसाठीं एक इस्पितळ होतें, परंतु गरीब रहिवाशानें आजारी पडावें कोठें, याचा विचार कोणी केला नव्हता. तो विचार केला झाँ लुई नांवाच्या एका माणसानें. हा कोणी सरदार नव्हे, धर्माधिकारी नव्हे. फ्रेंच कंपनीच्या चाकरींतला तो खलाशी. पुढें त्यानें नांवा-होड्या बांधण्याचा धंदा केला. म्हणजे आमच्या सुतारबोवांच्याच हत्याराचा माणूस! मरणापूर्वीं त्यानें मृत्युपत्र केलें. त्यांत लिहिलें कीं माझें देणें फेडून जें उरेल त्यांतून या शहरांतल्या आजाऱ्यांसाठीं एक कायमचें इस्पितळ उभारावें. १७३६ च्या आरंभीं तो वारला आणि त्याच वर्षीं १० मे रोजीं गरिबांचें इस्पितळ सुरू झालें. आजच्या हिशेबानें तें एक साधेंसें घरच असेल. परंतु पायाचा दगड एका कारागिराच्या कमाईचा होता, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडेही असें उदाहरण आहे. मुंबईचें जे. जे. इस्पितळ जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून उभें राहून १८४५ सालीं सुरू झालें. जमशेटजींचें बालपण गरिबींत गेलें आणि जुन्या बाटल्यांच्या धंद्यावरून त्यांना 'बाटलीवाला' हें नांव पडलें होतें. त्यांच्या औदार्याविषयीं आम्हांस आदरच आहे. तथापि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. जमशेटजींची संपत्ति चीनशीं होणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापारांतून आली, आणि तो कापूस व ती अफू कोणाच्या तरी शेतांत, कोणाच्या तरी पाठीच्या घामानें पिकली होती. दान देणाऱ्याचें नांव दगडावर कोरलें जातें. ज्याच्या श्रमांतून तें दान निघालें त्याचें नांव कोणत्या दगडावर असतें?

चॅरिटीचें नशीब मोठें खडतर. १७७९ सालच्या वादळानें त्याची त्यावेळची इमारत भुईसपाट केली. तोंवर तो मुलूख फ्रेंचांकडून स्पेनकडे गेला होता. आल्मोनेस्टेर नांवाच्या एका धनाढ्य स्पॅनिश गृहस्थानें आपल्या पैशानें नवें इस्पितळ बांधून त्याला आपल्या राजाचें नांव दिलें. १८०९ सालीं तें आगींत जळालें. १८०३ सालीं मुलूख अमेरिकेच्या ताब्यांत आलाच होता. पुढें इस्पितळाचा कारभार संस्थानच्या सरकारकडे गेला. पुन्हां बांधलें, पुन्हां अपुरें पडलें, १८३२ सालीं पुन्हां नवें बांधलें. राजे बदलले, निशाणें बदललीं, इमारती पांच-सहा झाल्या. परंतु दारांत येणाऱ्या गरिबास आंत घ्यावयाचें हा रिवाज बदलला नाहीं. आमच्या मतें इस्पितळ म्हणजे दगडविटा नव्हेत, तर हा रिवाज होय. आणि पुढें २००५ सालीं जें मोडलें तें हेंच.

ज्या शहरांत हें दानधर्माचें घर उभें होतें त्याच शहरांत माणसें विकण्याचा बाजारही भरत होता, ही गोष्ट आम्ही लपविणार नाहीं. यादवीपूर्वींच्या काळांत अमेरिकेंतला सर्वांत मोठा गुलामांचा बाजार न्यू ऑर्लिन्सचाच. आईपासून लेंकरूं तोडून लिलावांत उभें करावयाचें, आणि संध्याकाळीं देवळांत जाऊन दानपेटींत नाणें टाकावयाचें. हा प्रकार वाचून आमच्या वाचकांस फारसें नवल वाटणार नाहीं. अन्नछत्रें घालणारे आणि त्याच वेळीं पाणवठ्यावरून माणसाला हुसकावणारे हात आम्हीं आमच्याच गांवांत पाहिले आहेत.

१८५३ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांत पीतज्वराची सांथ आली. एका हंगामांत सुमारें ८ हजार माणसें मेलीं. त्यांत मोठा भरणा नुकत्याच बोटींतून उतरलेल्या आयरिश व जर्मन मजुरांचा. ज्यांना पैसा होता ते शहर सोडून गेले. ज्यांना नव्हता ते चॅरिटीच्या ओसरींत आले. हा ताप डांसाच्या चाव्यानें पसरतो हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. तें क्यूबांत १९०० सालीं सिद्ध झालें. त्या सांथींत आणि पुढच्या कित्येक सांथींत रोग्यांच्या उशाशीं बसणाऱ्या होत्या ख्रिस्ती संघाच्या जोगिणी. १८३४ सालीं त्यांनीं इस्पितळाची शुश्रूषा व घरकारभार हातीं घेतला आणि शंभरावर वर्षें तो सांभाळला. पगारी नोकर पळून जातील अशा ठिकाणीं त्या पाय रोवून उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयीं वाचतांना आम्हांस सावित्रीबाईंची आठवण होते. १८९७ च्या प्लेगांत पुण्याजवळ आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यांत रोगी आणतां-आणतां माउलीला प्लेगानें गांठलें आणि १० मार्च रोजीं ती गेली. तिला कोणी नेमलें नव्हतें, तिला पगार नव्हता.

चॅरिटीमध्यें पुष्कळ विद्याही निर्माण झाली. १८८८ सालीं मळ्यावर काम करणारा एक तरुण मजूर तेथें आला. बंदुकीच्या छर्‍यांनीं त्याच्या दंडाच्या रक्तवाहिनीस इजा होऊन तेथें धडधडणारा फुगा आला होता. रुडॉल्फ माटास नांवाच्या शस्त्रवैद्यानें प्रथम रीतीप्रमाणें वाहिनी बांधून पाहिली. उपयोग झाला नाहीं. तेव्हां त्यानें तो फुगाच उघडला आणि आंतून रक्तवाहिनीचीं तोंडें शिवून टाकलीं. मजूर बरा झाला. ही युक्ति पुढें जगभरच्या डॉक्टरांनीं उचलली. हृदयाच्या शस्त्रक्रियेंत पुढें जगप्रसिद्ध झालेले मायकेल डिबेकी हेही आपल्या उमेदवारीच्या काळांत याच इस्पितळांत राबले. शेजारच्या दोन वैद्यकीय शाळांच्या पिढ्यान् पिढ्या येथेंच हात बसवून बाहेर पडल्या.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. फुकटच्या इस्पितळांत गरीब माणूस कांहींच देत नाहीं, असें श्रीमंत समजतो. खरें पाहतां तो आपला देह देतो. विद्यार्थ्याची पहिली सुई त्याच्याच दंडांत शिरते. तेथें कमावलेली विद्या घेऊन डॉक्टर पुढें बंगलेवाल्यांचीं नाडी पाहतो आणि मोठें बिल करतो. आमचा यावर आक्षेप नाहीं. कोणाच्या तरी दंडावर शिकावें लागणारच. परंतु ज्यानें आपला देह शाळेला दिला त्याला 'भिकारी' म्हणूं नये, तो त्या संस्थेचा भागीदार आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां त्या इस्पितळाच्या सर्वांत भरभराटीच्या आणि सर्वांत लाजिरवाण्या काळाकडे येऊं. दोन्ही एकच आहेत. १९२८ सालीं ह्यूई लाँग नांवाचा एक वादळी माणूस लुइझियानाचा गव्हर्नर झाला. खेड्यांतून आलेला, बड्या तेलकंपन्यांशीं उभा दावा मांडणारा, शाळेच्या मुलांस फुकट पुस्तकें देणारा, कच्च्या वाटांचे पक्के रस्ते करणारा. गरीब गोऱ्या शेतकऱ्याला तो आपला वाटे. १९३१ सालीं त्यानें चॅरिटीच्या शेजारीं सरकारी वैद्यकीय शाळा काढली. परंतु इस्पितळावर मुख्य नेमावयाचा तोही त्यानें आपल्याच पक्षाचा माणूस नेमला, आणि सरकारी नोकरांच्या पगारांतून पक्षाच्या पेटीसाठीं कापून घेण्याची चाल पाडली. १९३५ च्या सप्टेंबरांत त्याच्यावर राजधानींतच गोळी झाडली गेली. त्याच्यावर शस्त्रक्रिया केली ती त्यानेंच चॅरिटीवर नेमलेल्या त्या डॉक्टरानें. तो वांचला नाहीं. लाँगला कोणी गरिबांचा कैवारी म्हणतात, कोणी जुलमी म्हणतात. आम्हांस वाटतें, दोन्ही खरें आहे. आपल्या पक्षाचा मनुष्य गोरगरिबांचें काम करूं लागला म्हणजे त्याच्या पेटीकडे पाहावयाचें आपण विसरतों, हा रोग लुइझियानांतच आहे असें नाहीं.

त्याच्या मृत्यूनंतर मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळाला आणि १९३९ सालीं चॅरिटीची वीस मजली प्रचंड इमारत उभी राहिली. तिच्यांत २,६८० खाटा होत्या. साऱ्या अमेरिकेंत खाटांच्या संख्येनें तिचा नंबर त्यावेळीं दुसरा. दारांत आलेल्याला पैशासाठीं परत पाठवावयाचें नाहीं, हा रिवाज येथेंही कायम राहिला. परंतु या इमारतीच्या दोन बाजू केल्या होत्या. एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. एकाच छपराखालीं दोन इस्पितळें. रोग एक, औषध एक, डॉक्टर बहुतेक तेच, पण खाटेची बाजू कातडीच्या रंगावरून ठरावयाची. काळ्या डॉक्टरांस तर तेथें दीर्घकाळ जागाच नव्हती. त्यांनीं शहरांतल्या दुसऱ्या लहान इस्पितळांत आपलें काम करावें. याहून कडी म्हणजे १९५८ सालीं लुइझियानांत असा कायदा झाला कीं रक्ताच्या बाटलीवर रक्त देणाऱ्याचा वंश लिहिला पाहिजे. म्हणजे माणूस मरणाच्या दारीं असतांनाही त्याच्या नसेंत जाणाऱ्या थेंबाची जात विचारावयाची! हा कायदा १९७२ पर्यंत पुस्तकांत होता.

आमच्या वयस्क वाचकांनीं दवाखान्यांत वरून औषध ओतणारे हात पाहिले आहेत, बाटलीला बाटली लागूं नये म्हणून. त्यांना या कायद्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. इस्पितळाच्या दोन बाजू मोडल्या त्या कोणाच्या मनाच्या पालटानें नव्हे. १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि त्यानंतर म्हाताऱ्यांच्या उपचारांचा सरकारी पैसा, जें इस्पितळ भेदभाव करील त्याला मिळणार नाहीं असें ठरलें. तेव्हां मध्यवर्ती सरकारच्या थैलीची दोरी आवळली गेली आणि भिंती पडल्या. पूर्वीं ज्यांना पापपुण्य समजत नव्हतें त्यांना हिशेब मात्र चटकन समजला.

या मोठ्या इस्पितळाच्या मागोमाग संस्थानभर तशींच इस्पितळें निघालीं होतीं. श्रेव्हपोर्टचें १८७६ सालचें. लाफायेटचें १९३७ सालचें. पाइनव्हिलचें १९३९ सालचें, त्याला ह्यूई लाँगचेंच नांव दिलें. लहान गांवांच्या शेतमजुरास बाळंतपणाला, साप चावला तर, यंत्रांत बोट गेलें तर, जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं जातां यावें अशी ती मांडणी होती. अमेरिकेसारख्या, औषधपाण्याला सर्वांत जास्त पैसे घेणाऱ्या देशांत, एका गरीब संस्थाननें ही सोय दीर्घकाळ चालविली. तिथें रांगा लांब होत्या, भिंतींचा रंग उडाला होता, दिवसेंदिवस बसावें लागे, हेंही खरें. पण बसलेल्या माणसाला कोणी 'ऊठ' म्हणत नसे.

२९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅटरिना हें वादळ आलें. वाऱ्यानें इमारतीचें फार बिघडलें नव्हतें. नाश केला बांध फुटल्यानें. शहराचा सुमारें चार पंचमांश भाग पाण्यांत गेला. चॅरिटीचीं वीजयंत्रें तळघरांत होतीं, तीं बुडालीं. पुढचे कित्येक दिवस त्या वीस मजली इमारतींत वीज नाहीं, नळाला पाणी नाहीं, पाळणे बंद, आणि भर भाद्रपदांतला उकाडा. ज्यांचा श्वास यंत्रावर होता त्यांना डॉक्टर व परिचारिका आळीपाळीनें हातानें फुगा दाबून श्वास देत होत्या. काळोख्या जिन्यावरून माणसें झोळ्यांत घालून वरखालीं नेलीं. जवळच्याच एका खाजगी इस्पितळानें भाड्याचीं हेलिकॉप्टरें आणून आपले रोगी नेण्यास आरंभ केला होता. चॅरिटीला हेलिकॉप्टर कोण भाड्यानें आणणार? तिथले शेवटचे रोगी २ सप्टेंबरच्या सुमारास बाहेर निघाले. ज्यांचें घर बुडालें आहे, ज्यांचीं मुलें कोठें आहेत याचा पत्ता नाहीं, अशा नोकरांनीं रोग्यास सोडलें नाहीं. यांतले पुष्कळ जण त्याच गरीब वस्तींतले होते.

आणि येथून पुढें जें घडलें त्यासाठींच आम्हीं हा लांबचा इतिहास सांगण्यास घेतला. पाणी ओसरल्यावर लष्कराचे जवान आणि इस्पितळाचेच डॉक्टर-परिचारिका यांनीं मिळून तळघरांतलें पाणी उपसलें, खालचे मजले धुऊन पुसून काढले. कांहीं आठवड्यांत आपण दार उघडूं शकूं असें काम करणाऱ्यांचें म्हणणें होतें. वरून हुकूम आला कीं उघडावयाचें नाहीं. इमारत निम्म्याहून अधिक निकामी झाली आहे, असें कारभाऱ्यांनीं ठरविलें. कारण असें ठरलें तर मध्यवर्ती सरकारकडून सबंध नव्या इमारतीची भरपाई मागतां येते. दुरुस्तीचीच गरज आहे असें ठरलें तर दुरुस्तीपुरतेंच मिळतें. मध्यवर्ती सरकारच्या खात्यानें प्रथम नुकसान धरलें तें सुमारें सव्वादोन-अडीच कोटी डॉलरांचें. संस्थाननें मागितले ४९ कोटींवर. २००८ सालीं संस्थानच्या विधिमंडळाच्या ठरावावरून एका त्रयस्थ शिल्पकार-पेढीनें इमारत तपासली. तिनें सांगितलें कीं सांगाडा भक्कम आहे आणि त्याच्याच आंत नवें इस्पितळ करतां येईल. तें कोणी ऐकलें नाहीं. २०१० च्या जानेवारींत लवादानें संस्थानला सुमारें ४७ कोटी ५० लाख डॉलर देवविले.

नवें इस्पितळ झालें, नाहीं असें नाहीं. त्याचें दार २०१५ च्या ऑगस्टांत उघडलें, खर्च शंभर कोटी डॉलरांच्या वर, खाटा ४४६. त्याच्यासाठीं आणि शेजारच्या माजी सैनिकांच्या इस्पितळासाठीं जुन्या वस्तीचीं घरें सरकारनें घेऊन पाडलीं. त्यांत वादळानंतर हातानें डागडुजी करून पुन्हां राहावयास आलेल्या कुटुंबांचींही घरें होतीं. मधल्या दहा वर्षांत ज्यांना छातींत कळ आली, ज्यांचें डोकें फिरलें, ज्यांना दिवस गेले, त्यांनीं तंबूंत, रिकाम्या दुकानांत आणि तात्पुरत्या जागेंत आपला रोग भोगला. जुनी इमारत वर्षानुवर्षें ओसाड पडून राहिली.

इतक्यावरही भागलें नाहीं. २०१२-१३ सालीं त्यावेळचे गव्हर्नर बॉबी जिंदाल यांनीं संस्थानचीं धर्मादाय इस्पितळें एकामागून एक खाजगी चालकांच्या हवालीं केलीं. कांहींना कुलूपच लागलें. राजधानी बॅटन रूज येथील २०१३ सालीं बंद झालें, पाइनव्हिलचें २०१४ सालीं. जिंदाल हे पंजाबी आईबापांचे चिरंजीव. ते निवडून आले तेव्हां आमच्याकडच्या पत्रांनीं 'आपला माणूस' म्हणून पेढे वाटले होते. आपला माणूस कोणता, हें ओळखण्याची आमच्या पत्रांची पद्धत वेगळी आहे. पाइनव्हिलच्या दारांत रांगेंत बसणारी ती मोलकरीण आम्हांस अधिक जवळची वाटते. २०१६ पासून पुढच्या गव्हर्नरानें गरिबांच्या सरकारी विम्याची व्याप्ति वाढविली, त्यामुळें पुष्कळांच्या हातीं आतां विम्याचें पत्र आलें. हें चांगलें झालें. परंतु पत्र म्हणजे इस्पितळ नव्हे. पत्र घेऊन कोणाच्या तरी दारांत जावें लागतें, आणि दार त्याचें असतें.

आतां घरच्या गोष्टी. आपल्या देशांतही २०२० च्या जानेवारींत नीति आयोगानें एक नमुना पुढें ठेवला. सरकारी जिल्हा इस्पितळें खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांस जोडावयाचीं, आणि खाटांचे दोन भाग करावयाचे: एक सरकारी दराच्या खाटा, दुसऱ्या 'बाजारी' खाटा. हा शब्द आमचा नव्हे. त्या मसुद्यांतल्याच इंग्रजी शब्दाचा हा सरळ अर्थ आहे. चॅरिटीच्या इमारतींत दोन बाजू कातडीवरून होत्या. या मसुद्यांतल्या दोन बाजू थैलीवरून आहेत. ज्यांनीं जिल्हा इस्पितळाची रांग भोगली आहे त्यांना आम्ही एवढेंच विचारतों कीं बाजारी खाट रिकामी असतां आणि सरकारी भरलेली असतां, दारांत आलेल्या विंचू चावलेल्या पोराला कोणत्या खाटेवर ठेवतील?

आणि आतां सुतारबोवांचा प्रश्न. महाराष्ट्रांत जीं इस्पितळें सार्वजनिक न्यासाच्या कायद्याखालीं धर्मादाय म्हणून नोंदलेलीं आहेत, त्यांना त्या नांवावर करांत सवलती मिळतात. कित्येकांना सरकारनें जमीनही स्वस्तांत दिलेली असते. तो कर आणि ती जमीन तुमची-आमची. म्हणून पाटीवरचा धर्म हा इस्पितळाच्या चालकांचा एकट्यांचा नाहीं. सुतारबोवा, त्यांत तुमचाही हिस्सा आहे. त्या हिश्शाचा कायदाही आहे. न्यासाच्या कायद्याच्या ४१-कक या कलमान्वयें, मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००६ सालीं घालून दिलेल्या योजनेप्रमाणें, अशा इस्पितळानें शेंकडा १० खाटा निर्धन रोग्यांसाठीं अगदीं फुकट आणि शेंकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें ठेवल्याच पाहिजेत. त्यांच्या खर्चासाठीं एकूण बिलाच्या शेंकडा २ इतकी रक्कम निराळ्या निधींत जमा करावयाची असते. जीव धोक्यांत असलेला रोगी आला, तर अनामत न मागतां त्याला लगेच आंत घेऊन तो सांवरेपर्यंत उपचार करावयाचा, असेंही त्या योजनेंत आहे.

हें आमच्या किती वाचकांस ठाऊक होतें? सुतारबोवांना ठाऊक नव्हतें. खरें सांगावयाचें तर ते आले त्या दिवशीं आमच्याही ध्यानांत सगळा तपशील नव्हता, याची आम्हांस लाज वाटते. जो हक्क ठाऊक नाहीं तो कागदावर राहतो, आणि त्या खाटा भरल्या आहेत असें तोंडी सांगून माणसाला परत लावणें सोपें होतें. तेव्हां घरांत दोन कागद नीट जपून ठेवावे: रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. दाखला आजारपण आल्यावर काढूं म्हटलें तर तलाठ्याच्या आणि तहसिलीच्या खेपांतच रोगी हातचा जातो. तो सुगी आटोपली कीं काढून ठेवावा. इस्पितळांत गेल्यावर समाजसेवकाची खोली कोठें आहे तें प्रथम विचारावें. खाट नाहीं असें सांगितलें तर तें लिहून मागावें. लिहून देण्यास नकार मिळाला, तर तारीख, वेळ आणि ज्यानें सांगितलें त्याचा हुद्दा आपणच कागदावर टिपावा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्याच्या कचेरींत अर्ज द्यावा. अर्जाची पोंच घेतल्याशिवाय उठूं नये. बायांनीं हें काम पुरुषांवर टाकूं नये. आमचा अनुभव असा कीं पोंच मागण्यांत बाया अधिक चिवट असतात.

ज्या वाचकांस गेल्या दोन-तीन वर्षांत एखाद्या धर्मादाय इस्पितळांतून असें परत यावें लागलें असेल, त्यांनीं आपली हकीकत साध्या पोस्टकार्डावर आमच्याकडे लिहून पाठवावी. किती अनामत मागितली, कागद दाखविले होते कीं नाहीं, आणि पुढें काय विकलें, एवढें असलें तरी पुरे. लिहितां येत नसेल त्यानें शाळेंतल्या पोराकडून लिहवून घ्यावें. नांव छापलें जाणार नाहीं. सुतारबोवांचें पहिलें कार्ड आम्हीं आमच्याच टेबलावर त्यांच्याकडून लिहवून घेतलें आहे.